रीफ टँकमधले (म्हणजे प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या काचटाकीतले) यूव्ही एलईडी आणि प्रवाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यूव्ही एलईडीचा प्रवाळांना फायदा होतो का? आधी सरळ उत्तर द्या.

४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या खालच्या खऱ्या अतिनील (यूव्ही) प्रकाशाची घरच्या टँकमधल्या प्रवाळांना गरज नाही. ते त्याच्याशिवाय वाढतात, रंग धरतात, वर्षानुवर्षं जगतात. ४०० ते ४३० च्या जांभळ्या प्रकाशाचा मात्र उपयोग होतो, आणि दिव्याच्या खोक्यावर ‘यूव्ही’ म्हणून लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा हेच जांभळं असतं. लोकांचा अनुभव खरा असतो, त्याचं श्रेय तेवढं चुकीच्या नावाला जातं. हा सगळा गोंधळ एका शब्दाचा आहे, म्हणून पुढचा प्रश्न नीट वाचा.

दिव्यावर ‘यूव्ही’ लिहिलंय, म्हणजे ते यूव्हीच ना?

बहुधा नाही. अतिनील पट्ट्याचे तीन भाग मानतात: १०० ते २८० नॅनोमीटर यूव्ही-सी, २८० ते ३१५ यूव्ही-बी आणि ३१५ ते ४०० यूव्ही-ए. ४०० पासून दृश्य प्रकाश सुरू होतो आणि त्याचा पहिला तुकडा जांभळा. रीफच्या दिव्यांत ‘यूव्ही’ चॅनलवर, म्हणजे वेगळ्या कमी-जास्त करता येणाऱ्या रंगाच्या गटावर, सहसा ४००, ४०५, ४१५, कधी ४२० किंवा ४३० नॅनोमीटरच्या चिप असतात. क्वचित ३८५ किंवा ३९५ च्याही सापडतात.

एलईडी एकाच तरंगलांबीवर प्रकाश देत नाही, आजूबाजूला थोडा पसरतो. जांभळ्या चिपचा पट्टा साधारण १० ते १५ नॅनोमीटर रुंद असतो. म्हणजे ४०५ ची चिप थोडासा प्रकाश ४०० च्या खाली टाकते, पण तेवढ्यावरून तिला अतिनील म्हणणं बरोबर नाही. दिवा घेताना चॅनलचं नाव बाजूला ठेवा आणि वर्णपटाच्या आलेखातला उंचवटा कुठल्या आकड्यावर आहे ते बघा. आलेखच दिला नसेल तर तो दिवा मी घेत नाही.

प्रवाळाचं पोट कुठल्या प्रकाशावर भरतं?

प्रवाळ स्वतः प्रकाशसंश्लेषण करत नाही. त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं, म्हणजे आपल्या बोलण्यातली झूझँथेली, ते काम करतात आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देतात. त्यांच्यातलं क्लोरोफिल-ए निळ्यात ४३० ते ४४० च्या आसपास सर्वांत जास्त प्रकाश शोषतं. क्लोरोफिल-सी२ त्याच्या जरा पुढे, ४५० च्या वर. पेरिडिनिन नावाचं तपकिरी-नारिंगी रंगद्रव्य त्याही पुढचा निळा आणि निळा-हिरवा पट्टा उचलतं. प्रवाळ तपकिरी दिसतो तो बराचसा त्याच्यामुळेच.

आता ४१५ ते ४३० चा जांभळा या चित्रात ठेवून बघा. तो क्लोरोफिल-ए च्या शिखराच्या अगदी उंबऱ्यावर आहे. तो अन्नाच्या कामाला येतो, यात शंका नाही. पण ४५० चा रॉयल ब्ल्यू आणि ४७० चा निळा मिळून जे देतात त्यापेक्षा वेगळं काही जीवनसत्त्व जांभळ्यात दडलेलं नाही. निळा हे जेवण आहे, जांभळा ही त्याच ताटातली आणखी एक भाजी.

समुद्रात प्रवाळ अतिनील किरणांतच वाढतात. मग टँकमध्ये का नकोत?

प्रश्न रास्त आहे. उष्ण कटिबंधातलं स्वच्छ समुद्रपाणी अतिनील किरणांना फारसं अडवत नाही, ते बरेच मीटर खाली पोचतात. उथळ रीफवरचा प्रवाळ ते रोज झेलतो. पण झेलतो म्हणजे त्याला ते हवे असतात असं नाही. उन्हात राबणाऱ्या माणसाची कातडी रापते, तशी प्रवाळानेही आपली तजवीज केलेली आहे.

१९६९ साली काझुओ शिबाता यांनी ग्रेट बॅरियर रीफवरच्या प्रवाळांत ३२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश गिळणारे पदार्थ असल्याचं नोंदवलं. आज आपण त्यांना मायकोस्पोरीनसदृश अमिनो आम्लं म्हणतो. ती साधारण ३१० ते ३६० नॅनोमीटरचे किरण शोषतात आणि ती ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देतात. म्हणजे हे प्रवाळाचं अंगभूत सनस्क्रीनच. शैवालांकडून आणि खाण्यातूनही त्याची भर पडते. उथळ पाण्यातल्या वसाहतींत ते जास्त सापडतं, खोल पाण्यातल्यांत कमी. अतिनील किरण ‘हवे’ असते, तर त्यांना अडवण्यावर एवढा खर्च कुणी केला नसता.

दुसरी बाजूही पाहा. १९८० साली पॉल जोकिएल यांनी हवाईत रीफवरच्या सावलीत वाढणारे स्पंज आणि त्यांच्यासारखे चिकटून राहणारे जीव उन्हात ठेवले. थेट उन्हात ते मेले, आणि नुसते अतिनील किरण अडवले तेव्हा वाचले. पुढे १९९३ मध्ये ग्लीसन आणि वेलिंग्टन यांनी बहामाजमध्ये खोल पाण्यातला प्रवाळ उथळात आणून दाखवलं, की पाणी जास्त गरम नसतानाही अतिनील किरणांमुळे ब्लीचिंग होऊ शकतं, म्हणजे शैवालं गमावून प्रवाळ पांढरा पडू शकतो.

आपल्या टँकमधले बरेचसे फ्रॅग (प्रवाळाचे तोडून वाढवलेले तुकडे) पिढ्यान् पिढ्या एलईडीखाली वाढलेले असतात. त्यांच्या अंगात ते सनस्क्रीन फारसं नसतं. अशा तुकड्यावर अचानक ३८५ चा झोत टाकणं म्हणजे वर्षभर घरात बसलेल्या माणसाला भर दुपारी उघड्या माळावर उभं करणं.

अतिनील किरण नेमकं नुकसान काय करतात?

तरंगलांबी जितकी लहान, तितकी प्रकाशकणाची ऊर्जा जास्त. ३६५ नॅनोमीटरच्या एका कणात ४५० च्या कणापेक्षा सुमारे सव्वापट ऊर्जा असते. शैवालात पाण्याचे रेणू फोडून प्राणवायू सोडणारी जी यंत्रणा आहे, तिच्या गाभ्यातला मँगनीजचा समूह अतिनील प्रकाशात बिघडतो. ती बिघडली की बाकीचा दृश्य प्रकाशही पचत नाही आणि पेशीत घातक ऑक्सिजन-रसायनं साचायला लागतात. यूव्ही-बी तर थेट डीएनएला इजा करतो. पेशी दुरुस्ती करत असतात, पण दुरुस्तीलाही ऊर्जा लागते, आणि ती वाढीतून कापली जाते.

यूव्ही नसेल तर प्रवाळ चमकणार कसे?

निळ्यात. गैरसमजांत सर्वांत टिकाऊ हाच आहे. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा नाटकात ब्लॅकलाइटखाली, म्हणजे अतिनील दिव्याखाली, पांढरे कपडे चमकताना पाहिलेले असतात, म्हणून चमक म्हटलं की अतिनील असं डोक्यात बसतं.

प्रवाळातली चमक ही प्रथिनांची असते. या कुटुंबातलं पहिलं प्रथिन ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशमधून वेगळं केलं. त्याच धाग्यावर त्यांना, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९९९ मध्ये लाल चमकणारं प्रथिन मिळालं, ते डिस्कोसोमामधून, म्हणजे आपण ज्याला मश्रूम कोरल म्हणतो त्यातून. प्रयोगशाळांत जगभर वापरलं जाणारं ते लाल आपल्या टँकमधल्या सर्वांत साध्या रहिवाशाकडून आलंय, याचं मला फार अप्रूप आहे.

या प्रथिनांपैकी हिरवी साधारण ४८० ते ५१० च्या प्रकाशाने पेटतात. निळसर चमक देणाऱ्यांना ४०५ ते ४५० चा पट्टा आवडतो. लाल तर हिरव्या-पिवळ्या प्रकाशाने, किंवा शेजारच्या हिरव्या प्रथिनाकडून आलेल्या ऊर्जेने चमकतात. ३६५ लागतंच असं यात कुणी नाही.

मग जांभळ्याखाली रंग इतके उठून का दिसतात? कारण आपला डोळा. ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश आपल्याला ४५० च्या मानाने जवळजवळ ६० पट कमी दिसतो. दिव्याचा स्वतःचा प्रकाश दिसत नाही, प्रवाळाने परत फेकलेला हिरवा-नारिंगी तेवढा दिसतो. पार्श्वभूमी काळी झाली की रांगोळी उठते, तसंच. पाहण्याच्या आनंदासाठी संध्याकाळी तासभर जांभळा आणि निळा एवढेच चॅनल ठेवणं अगदी योग्य आहे. त्याला प्रवाळाची गरज असं नाव देऊ नये, इतकंच.

म्हणजे जांभळ्या प्रकाशाने प्रवाळाच्या रंगात खरा फरक पडतच नाही?

पडतो, आणि काही जातींत तो फार सुंदर असतो.

२००२ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी ट्रॅकिफिलिया नावाच्या प्रवाळामधून एक हिरवं प्रथिन काढलं. त्याची नळी खिडकीतून येणाऱ्या उजेडात राहिली आणि हिरव्याचं लाल झालं. शरद ऋतूत लाल होणाऱ्या मेपलच्या पानावरून त्यांनी त्याला ‘काएदे’ असं नाव दिलं. ३५० ते ४०० नॅनोमीटरच्या प्रकाशात या प्रथिनाचा एक रासायनिक बंध तुटतो आणि ५१८ वर हिरवं चमकणारं प्रथिन ५८२ वर लाल चमकायला लागतं. हा बदल उलटा फिरत नाही. लोबोफिलिया प्रवाळामधल्या ‘ईऑस’ नावाच्या प्रथिनाचंही तसंच, त्याला ३९० च्या आसपासचा प्रकाश सर्वांत चांगला लागू पडतो.

माझ्याकडचा ट्रॅकिफिलिया वाळूवर एका बाजूला कलून बसलेला आहे. दिव्याकडे तोंड केलेली कड गडद लाल आणि स्वतःच्याच मांसल घडीच्या सावलीत राहिलेला पट्टा हिरवा. दोन्हींच्या मध्ये बोटभर जागेत मातकट नारिंगी. एकदा मी तो थोडा फिरवून ठेवला. काही आठवड्यांत हिरव्या पट्ट्यावर लाल चढायला लागला, जुना लाल मात्र सावलीत जाऊनही लगेच गेला नाही. नवीन प्रथिन जसं तयार होत गेलं तसा हिरवा हळूहळू परत आला. ४०५ च्या चिपच्या खालच्या शेपटीत एवढं करण्याइतपत प्रकाश असतो. त्यासाठी ३६५ विकत आणावं लागत नाही.

पण हा गुण ठरावीक प्रवाळांचा आहे. फांद्या फुटणाऱ्या ॲक्रोपोरा प्रवाळाचा निळा किंवा गुलाबी रंग बऱ्याचदा न चमकणाऱ्या रंगप्रथिनांचा असतो, आणि साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या गटाने २००८ मध्ये दाखवलं की अशा रंगद्रव्यांची निर्मिती निळ्या प्रकाशाच्या तीव्रतेवर चालते. ॲक्रोपोरा तपकिरी पडला असेल तर आधी निळ्याचं माप तपासा.

एलईडीच्या आधीच्या मेटल हॅलाइड दिव्यांमध्ये यूव्ही असायचं आणि त्याखाली प्रवाळ काय सुंदर वाढायचे!

वाढायचे, खरंच. त्या दिव्यांत भरपूर तीव्रता, अखंड वर्णपट आणि सगळीकडून सारखा पडणारा प्रकाश होता, आणि वाढीचं कारण तेच. अतिनीलाबद्दल मात्र त्यांचा अनुभव उलटा आहे. दोन्ही टोकांना जोडणी असलेल्या बल्बला अतिनील अडवणारं बाह्य आवरण नसायचं, म्हणून समोर संरक्षक काच लावावीच लागे. ती काच साफ करायला काढून परत लावायला विसरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पांढरे पडलेले शेंडे बघायला मिळत.

जांभळा चॅनल किती टक्के ठेवू?

टक्के एका दिव्यावरून दुसऱ्यावर लागू पडत नाहीत. एकात त्या चॅनलवर चार चिप असतात, दुसऱ्यात बारा. शिवाय डोळ्यावर विसंबता येत नाही, हे वर आलंच आहे: शून्यावरून शंभरावर नेलं तरी टँक आपल्याला फार उजळलेला वाटत नाही आणि प्रवाळावर मात्र मोठा भार पडलेला असतो.

मी असं करतो. आधी निळ्या चॅनलवर हवं ते ‘पार’ (PAR, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप) मिळवतो. मऊ प्रवाळांना ५० ते १५०, मोठ्या पॉलिपच्या (प्रवाळाच्या एकेका जीवाच्या) कडक प्रवाळांना त्याच पट्ट्यात जरा वर, ॲक्रोपोरासारख्यांना २०० ते ३५०. मग जांभळा कमीवर सुरू करून दर आठवड्याला थोडा वाढवतो आणि तेवढा निळा कमी करतो, म्हणजे एकूण माप हलत नाही. प्रवाळ आक्रसायला लागला की एक पाऊल मागे.

पार मीटर यूव्ही मोजतो का?

पार म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण. व्याख्याच तिथे संपते. जुने संवेदक निळ्या-जांभळ्याच्या टोकालाही कमी आकडा दाखवतात, ४०५ तर बरंचसं सोडूनच देतात. काही नवे ३९० च्या आसपासपासून मोजतात. ३८५ किंवा ३६५ चा दिवा लावला तर मीटरवर जवळजवळ काहीच दिसणार नाही आणि प्रवाळ भाजत असेल. मोजता न येणारी गोष्ट टँकमध्ये टाकायची नाही, हा माझा नियम प्रकाशालाही लागू आहे.

जास्त झालं हे कसं ओळखायचं?

सुरुवात दिव्याच्या बाजूने होते. वरचा भाग फिका, शेंडे पांढरट, सावलीतला भाग ठीक. झोअँथिड (फुलांसारखे उघडणारे मऊ जीव) उघडत नाहीत किंवा देठ आखडून घेतात. मांसल प्रवाळ सांगाड्याला चिकटून बसतो, कडा धारदार दिसायला लागतात. उलट बुंध्यापासून पांढरं होत वर चढत असेल तर कारण सहसा प्रकाश नसतो, क्षारता (अल्कलिनिटी) किंवा कीड बघा.

एक मार सहसा लक्षात येत नाही, तो सांगतो, कारण मी तो स्वतः खाल्लाय. टँकचं पाणी जुनं होत जातं तसं पिवळसर होतं. तो पिवळेपणा डोळ्याला जाणवत नाही, पण सेंद्रिय द्रव्यांचा तो थर जांभळा आणि अतिनील प्रकाश सर्वांत जास्त गिळतो. मी बरेच महिने हा पिवळेपणा शोषून घेणारा कार्बन वापरला नव्हता. एका रविवारी नवा ॲक्टिव्हेटेड कार्बन भरपूर टाकला. दिव्याला हातही लावला नव्हता. बुधवारपर्यंत वरच्या खडकावरचा हिरवा मोंटिपोरा प्रवाळ मधोमध दुधी झाला. पाणी स्वच्छ झालं आणि इतके दिवस अडलेला प्रकाश एकदम खाली पोचला. दिवा तोच, पण मोंटिपोराच्या दृष्टीने नवा. त्याचा मधला भाग गेला तो गेलाच, कडेने नवी वाढ यायला पुढचे चार महिने लागले. तेव्हापासून कार्बन टाकायचा तर थोडाथोडा, आणि त्या आठवड्यात दिव्याची तीव्रता कमी. ओझोननेही पाण्याचा पिवळेपणा जातो, म्हणून तो सुरू करतानाही हीच काळजी.

रंग फिके आहेत. जांभळा वाढवू?

आधी पाणी तपासा. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य दाखवत असतील तर प्रवाळ उपाशी आहे आणि जास्त प्रकाश त्याला आणखी थकवेल. माझ्याकडे नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या मध्ये असताना रंग सर्वांत चांगले राहिलेत. दिव्याचा विचार त्यानंतर.

३६५ ची टॉर्च टँकवर मारून बघितली तर चालेल का?

क्षणभर मारल्याने काही बिघडत नाही. पण ४५० ची निळी टॉर्च आणि डोळ्यावर पिवळा चष्मा घेतलात तर जास्त दिसेल. टॉर्च लावून तासभर तसाच टँकवर ठेवून द्यायचा नाही.

डोळ्यांना धोका आहे का?

आहे, आणि जांभळ्याचा धोका फसवा आहे. मंद दिसतो म्हणून बाहुली आकसत नाही आणि माणूस चिपकडे रोखून बघतो. ३८५ किंवा ३६५ असेल तर डोळ्याच्या भिंगावर परिणाम होतो. दिव्याखाली हात घालून काम करताना जांभळा चॅनल बंद ठेवा. दिवा लहान मुलांच्या नजरेच्या पातळीवर उघडा लटकवू नका.

माशांना त्रास होतो का?

जांभळ्याचा नाही. उलट काही माशांना अतिनील दिसतं. अँबॉन डॅम्सेल नावाचा पिवळा मासा आपल्या आणि दुसऱ्या जातीतला फरक चेहऱ्यावरच्या अतिनील नक्षीवरून ओळखतो, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. ती नक्षी एलईडीखाली बहुतेक विझलेलीच राहते. घरच्या टँकमध्ये यूव्ही-ए हवा असं म्हणायला मला सापडलेलं सर्वांत प्रामाणिक कारण हे आहे, आणि तेही प्रवाळाचं नाही.

यूव्ही स्टरिलायझर आणि हे एकच का?

अजिबात नाही. स्टरिलायझरमध्ये यूव्ही-सी असतो, बहुधा २५४ नॅनोमीटर, तो बंद नळीत पाण्यातले तरंगते जंतू आणि शैवाल मारतो. त्यातला प्रकाश प्रवाळावर कधीच पडता कामा नये.

जांभळ्याने शेवाळ वाढतं का?

क्लोरोफिल शेवाळातही आहे, म्हणून हो, एकूण प्रकाश वाढला की वाढतं. जांभळा वाढवताना निळा कमी केला तर फारसा फरक पडत नाही.

जांभळ्या चिप लवकर मंदावतात असं ऐकलंय.

साधारणपणे बरोबर आहे. लहान तरंगलांबीचा प्रकाश चिपवरच्या आवरणाला आणि प्लॅस्टिकच्या भिंगाला जास्त लवकर पिवळं करतो, आणि ते पिवळं झालं की अडतो तोही आधी जांभळाच. टँकवर ॲक्रिलिकचं झाकण असेल तर अतिनीलाचा बराचसा भाग तसाही तिथेच थांबतो. मिठाचे शिंतोडे दर आठवड्याला ओल्या मऊ फडक्याने पुसा. वर्षातून एकदा एकाच जागी, एकाच खोलीवर मीटर धरून आकडा लिहून ठेवा. दिवा बदलायची वेळ आली तर नवा पहिल्या दिवशी जुन्याच्या आकड्यावर आणून लावा, खोक्यावरच्या टक्क्यांवर नव्हे.